लोकरीच्या गालिच्यावर वाळलेला फेव्हिकॉल आणि फेव्हिक्विक कसं काढावं?

उंबरठा:
गडद लाल लोकरीचा भदोही गालिचा आहे, हातमागाचा म्हणून घेतलेला. मुलांच्या प्रकल्पाच्या वेळी तळहाताएवढा फेव्हिकॉल सांडला, शेजारीच फेव्हिक्विकचे दोन-तीन थेंब पडले. आता दोन्ही कडक झालंय, ओढलं की लोकर उपटून येते. घरात पांढरं व्हिनेगर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि इस्त्री आहे. सुरुवात कशाने करू?

सूतगुंडी:
ओढणं थांबवा आणि इस्त्री बाजूला ठेवा. उष्णतेने फेव्हिकॉल मऊ होऊन आणखी खोल उतरतो.

आधी रंग तपासा. कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दोन मिनिटं दाबून धरा. लाली उतरली तर घरी काही करू नका, गालिचे धुणाऱ्याकडेच द्या.

फेव्हिकॉल वाळला तरी पाण्याने फुगतो. एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्या कोमट पाणी. हाताला सहज सोसेल इतकंच कोमट. त्यात सुती फडकं बुडवून घट्ट पिळा आणि डागावर १०-१५ मिनिटं ठेवा. गोंद पांढरट, रबरासारखा झाला की चमच्याच्या बोथट कडेने डागाच्या कडेकडून मध्याकडे खरवडा. एका फेरीत निघणार नाही, पुन्हा फडकं ठेवा. ब्रशने मात्र घासू नका. ऊब, ओल आणि घर्षण एकत्र आलं की लोकर घोंगडीसारखी आटून बसते, ती पुन्हा मोकळी होत नाही.

कातरकाम:
फेव्हिक्विकचं काम त्याआधी उरका, गालिचा कोरडा असतानाच. ते सोडवतं ॲसिटोन, म्हणजे बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमधला द्रावक. ते पाण्यात मिसळतं आणि ओल्या लोकरीवर त्याचा जोर राहत नाही.

वाळलेला थेंब ठिसूळ असतो. बारीक टोकाच्या पकडीत धरून हलकेच चुरडा, बराचसा भुगा होऊन पडेल. उरलेल्यासाठी कानकाडीवर शुद्ध ॲसिटोन घेऊन एकेक झुबका भिजवा, मिनिटभर थांबा, चिमट्याने सोडवा, लगेच पांढऱ्या फडक्याने टिपा. रिमूव्हरची बाटली वाचून घ्या. काहींत ॲसिटोन नसतंच, काहींत रंग आणि तेल असतं, त्याचा वेगळा डाग पडतो. खिडक्या उघड्या ठेवा. गॅस, निरांजन, उदबत्ती खोलीत नको.

गालिच्याची मागची बाजू कशी दिसते?

उंबरठा:
मागे जाडसर कापड चिकटवलंय. गाठी दिसत नाहीत.

कातरकाम:
मग तो गाठींचा नाही, टफ्टेड आहे. गाठींच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही उमटलेली दिसते. तुमच्या गालिच्यात लोकरीचे झुबके कापडात टोचून मागून लॅटेक्सने, म्हणजे रबरी गोंदाने, धरलेले असतात. ॲसिटोन तिथवर झिरपलं तर लॅटेक्स मऊ पडतो आणि झुबके सुटायला लागतात. म्हणून बाटलीतून थेट ओतू नका, कानकाडी फक्त वरच्या टोकांना लावा. थेंब टोकांवरच असेल तर ॲसिटोनही नको, वाकड्या टोकाच्या कात्रीने एक-दोन मिलिमीटर छाटा. कळतसुद्धा नाही.

सूतगुंडी:
हे कळल्यावर माझ्या कृतीतही बदल: फडकं जवळजवळ कोरडं वाटेल इतकं पिळा. पाणी मागच्या कापडापर्यंत गेलं तर ते लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरतं. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने व्हिनेगर टिपून काढा. वर टॉवेलची घडी, त्यावर वजन, तासाभराने टॉवेल बदला. मग खालून हवा लागेल असा गालिचा उचलून पंख्याखाली ठेवा. पूर्ण वाळेपर्यंत गुंडाळू नका.