शब्दचर्चा: ‘लीडिंग मॅन’ला ‘नायक’ म्हणून भागेल का?

प्रश्न: हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँट याच्या कारकिर्दीवर लेख लिहीत आहे. ‘लीडिंग मॅन’साठी ‘नायक’ हा शब्द योजला, पण काही वाक्यांत तो अडतो. ‘प्रमुख अभिनेता’ चालेल का?

प्रतिसाद: ‘नायक’ अडतो, कारण नायक कथेतला असतो आणि ‘लीडिंग मॅन’ हे नटाचे स्थान असते. चित्रपट संपला की नायक संपतो. ते स्थान मात्र नटाबरोबर पुढच्या चित्रपटात जाते. ब्रिस्टलमध्ये १९०४ साली जन्मलेला आर्चिबाल्ड लीच कसरती करणाऱ्या पथकाबरोबर १९२० मध्ये अमेरिकेत आला, पुढे पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेशी करार करताना कॅरी ग्रँट झाला आणि १९३७ च्या ‘द ऑफुल ट्रुथ’नंतर ज्याच्याभोवती प्रेमकथा रचावी असा नट म्हणून ओळखला जाऊ लागला. ही ओळख कोणत्याही एका पात्राची नव्हे.

‘प्रमुख अभिनेता’ मला सपक वाटतो, आणि तो चुकतोही. ग्रँटचा शेवटचा चित्रपट, १९६६ चा ‘वॉक, डोन्ट रन’, पाहा. ऑलिंपिकच्या गर्दीने भरलेल्या टोकियोत त्याला एका तरुणीच्या घरात जागा मिळते, तो आपल्या वाट्याच्या जागेत एका तरुण खेळाडूलाही घेतो आणि त्या दोघांचे जुळवून देऊन निघून जातो. श्रेयनामावलीत पहिले नाव त्याचेच, म्हणजे प्रमुख अभिनेता तोच. पण नायिका त्याची नाही.

आपल्या रंगभूमीने ‘गायकनट’ हा सुरेख शब्द घडवला आहे. भूमिका कोणतीही असो, तो गायकनटच राहतो. त्याच धर्तीवर मी ‘नायकनट’ सुचवतो. नायकाच्या भूमिकांसाठीच ज्याची ख्याती आहे असा नट, हा अर्थ त्यातून न सांगता कळतो.

उपप्रतिसाद: ‘नायकनट’ पटला. मूळही छान जुळते: ‘नायक’ आणि ‘नेता’ दोन्ही ‘नी’ म्हणजे नेणे या धातूचे, आणि ‘दशरूपक’ या नाट्यविषयक संस्कृत ग्रंथात तर नाटकाच्या नायकाला ‘नेता’च म्हटले आहे; ‘लीडिंग’मध्येही नेणेच आहे. ‘कॅरेक्टर अ‍ॅक्टर’साठी, म्हणजे नायकाखेरीज इतर ठळक भूमिका करणाऱ्या नटासाठी, ‘चरित्र अभिनेता’ मात्र लेखात येऊ देऊ नका. तो हिंदीतून आला आहे, आणि मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा, त्यामुळे वाचकाला हा थोरामोठ्यांच्या भूमिका करणारा नट वाटेल.

‘कारकीर्द’ राहू द्या. हा फारसीतून आलेला शब्द आपल्याकडे राजाच्या अमदानीसाठी रुळला, आणि एखादे स्थान इतकी वर्षे राखणाऱ्या नटाला तो शोभतो. फक्त वाक्य नेमके लिहा: नायकनट म्हणून ग्रँटची कारकीर्द १९६४ च्या ‘फादर गूस’पाशी संपली, नट म्हणून दोन वर्षांनी.