मन्सूरांचं कुठलं रेकॉर्डिंग आधी ऐकू?

टिळकवाडीकर: कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं गाणं आमच्यात लहानपणापासून ऐकलोय, बेळगावजवळच्या सुळेभावीचे म्हणून घरात वेगळाच जिव्हाळा, पण मल्लिकार्जुन मन्सूर आत्ता कुठं ऐकायलोय. कुठनं सुरू करू सांगा की.

खानापूरवाला: त्यांचा नट बिहाग राग लावा. पाल्हाळ न्हाई, चार सुरांत राग उभा करतात आणि थेट बंदिशीत शिरतात. मग शिवमत भैरव, सकाळीच ऐका आणि मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, तंबोरा नीट कानावर आला पायजे तरच त्यांचा सूर कळतो. आधी मिरजेत नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकले, नंतर मंजीखाँ, भूर्जीखाँकडं जयपूर घराण्याचं, ते दोन्ही गळ्यात मुरलंय.

शहापूरकर: व्हय, पण स्टुडिओपेक्षा मैफलीचंच ऐका, तान समेवर येऊन पडती तेव्हा लोकांची दाद ऐकू येती, अंगावर काटा येतोय बघा.

टिळकवाडीकर: नट बिहाग तीनदा लावलो! कुमारजींच्या गाण्यात मधल्या थांबण्यात जीव आहे, हितं तर श्वास कधी घेतात तेच कळंना, इतकं सलग. त्यांचा खट राग कुणाकडं आहे काय?

खानापूरवाला: आहे की, रात्री लिंक टाकतो. गायिका गंगूबाई हनगलांच्या जुन्या तबकड्या पण ऐका, तेव्हाचा पातळ आवाज आणि नंतरचा भारदस्त, दोन्ही.