नोटरी म्हणजे भावाचाच सासरा. हे चालतं का?

माणदेशी: मित्राच्या घरातलं प्रकरण. वडील गेले, वारसनोंद होऊन आई, दोन भाऊ, एक बहीण अशी चौघांची नावं सातबाऱ्यावर लागली. बहिणीने धाकट्याच्या नावे हक्कसोडपत्र लिहून दिलं, नोटरीही झाली. नोटरी म्हणजे धाकट्याचे सासरे! थोरला आता भांडायला उठलाय. माझ्या मते सासऱ्यांनी "दुसऱ्या कुणाकडे जा" म्हणायला हवं होतं.

बारा_भानगडी (वकील): सासरा-जावई नंतर बघू. नोंदणी कायदा १९०८, कलम १७ : शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नुसत्या नोटरीवर हक्क सुटत नाही, मग शिक्का सासऱ्यांचा असो की परक्याचा. वडिलोपार्जित मिळकतीत घरच्या घरी हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. तरीही लोक तेवढ्यासाठी कंजुषी का करतात, देव जाणे.

खटावकर: तालुक्याला नोटरी असतात मोजके. त्यात कोण कुणाचा पाहुणा निघणार नाही? आणि नोटरी मजकुराची हमी देतच नाही. समोरचा माणूस तोच आहे आणि सही त्याने माझ्यापुढे केली, एवढंच तो सांगतो. ओळख पटवायला तर घरचा माणूस जास्त भरवशाचा.

टँपाची_मावशी: आमच्याकडे फ्लोरिडात नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आई-वडील यांच्या सहीला नोटरी करायला कायद्यानेच बंदी आहे. गंमत म्हणजे भाऊ-बहीण त्या यादीत नाहीत, सासरा-जावईही नाहीत. पण व्यवहारात नोटरीचा स्वतःचा पैसा गुंतला असेल, तर नातं असो-नसो, हात लावायचा नाही.

खटावकर: मग झालं की! सासऱ्यांना काय मिळणार होतं?

माणदेशी: लेकीच्या घरात जमीन वाढते, हे मिळणं नव्हे?

बारा_भानगडी (वकील): हक्कसोडपत्रापेक्षा मला कुलमुखत्यारपत्राची भीती जास्त. नोटरीपुढे झालेलं मुखत्यारपत्र रीतसर झालंय असं कोर्ट आधी धरून चालतं, जुन्या पुरावा कायद्याचं कलम ८५. खोटं असेल तर ते दाखवायची धावपळ आक्षेप घेणाऱ्याने करायची. तिथे सोयरा नोटरी नकोच. असो. माणदेशी, नोटरीच्या रजिस्टरमध्ये बहिणीची सही आहे का? दस्तावर जो अनुक्रमांक टाकलाय, त्याच्यापुढे?

माणदेशी: विचारलं तिला. ती नोटरीकडे गेलीच नव्हती. भाऊबीजेला आली तेव्हा ताट उचलल्यावर कागद पुढे आला, सही केली. शिक्का नंतर बसला.

खटावकर: हे मात्र चूक. पण ही चूक कामातली झाली, नात्याचा काय संबंध?

टँपाची_मावशी: नात्यामुळेच तर झालं! परका नोटरी असता तर तिला पाचगणीहून यावं लागलं असतं, आधार कार्ड दाखवावं लागलं असतं. भावाच्या सासऱ्यांना "तुमच्यासमोरच सही करते" असं कोणती नणंद तोंडावर म्हणेल?

बारा_भानगडी (वकील): तो कागद बाजूला ठेवा आणि नव्याने नोंदणीकृत दस्त करा. निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठा तिथल्या तिथे घेतात, ओळखीला दोन माणसं लागतात. पण त्याआधी एक सांगा, तिला हक्क सोडायचाय का?

माणदेशी: सोडायचाय म्हणते. पण दोन्ही भावांच्या नावे. कागदात एकाचंच नाव आहे, हे तिला कालच कळलं.