मदत हवी आहे: पुण्यातल्या फेब्रुवारी-मार्चसाठी ऑफिसचे कपडे कसे जुळवावेत?

अबोली_पुणे
सकाळी साडेसातला दुचाकीवर निघताना 12-13 अंश, दिवसभर एसी आणि संध्याकाळी परतताना 33-34. काम बँकेतले, ग्राहकांसमोर बसायचे, त्यामुळे कपडे शेवटपर्यंत नीटनेटके दिसायला हवेत. स्वेटर घातला तर अकरानंतर नकोसा होतो, नुसत्या कुर्त्यावर सकाळी काकडायला होते.

कपाटात आहे ते: दोन लोकरी कार्डिगन, क्रेपचे तीन कुर्ते (पॉलिएस्टर), काळी आणि नेव्ही सरळ पँट, एक सुती इरकल. नवीन खर्च चार-पाच हजारांत बसवायचा आहे. काय विकत घ्यावे, काय शिवून घ्यावे?

धोटा
वरचा थर काढल्यावरही पोशाख पुरा दिसला पाहिजे, हे धरून चला. बाकी सगळे त्यावरून ठरते.

क्रेपचे कुर्ते तूर्त बाजूला ठेवा. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून दुपारी घाम टिपला न गेल्याने ते पाठीला चिकटते. पँट दोन्ही उत्तम आहेत. खाली गडद तेच ठेवा, बदल वर करा.

दोन सुती कुर्ते आणि एक बिनबाह्यांचे जॅकेट शिवून घ्या. कुर्त्याला मंगळगिरी (आंध्रचे हातमागाचे सुती कापड) चांगली: वीण घट्ट, त्यामुळे अस्तर लागत नाही आणि इस्त्री टिकते. 42 इंची कुर्ता, पाऊण बाही, 44 इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर अडीच मीटर. 36 पन्ह्याला तीन मीटर घ्या. जॅकेटला जाडसर खादी, दीड मीटर. मळखाऊ करडा किंवा गडद विटकरी रंग घेतला तर दोन्ही पँटवर चालतो. कुर्त्यांत एक हळदी आणि एक फिका निळा घ्या.

कापड शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. हातमागाचे सूत पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के आटते, म्हणजे 42 इंची कुर्ता 40 वर येऊ शकतो. अस्तरही भिजवायचेच. वरचे कापड आटले आणि अस्तर नाही (किंवा उलट), की जॅकेटची पुढची पट्टी कायमची चुणते, मग कितीही इस्त्री करा.

शिंप्याला तीन गोष्टी बजावून सांगा:
- जॅकेटची छाती कुर्त्याच्या मापापेक्षा 2 इंच सैल.
- मुंढा (बाही जोडायची काखेची गोलाई) कुर्त्याच्या मुंढ्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच खोल. नाहीतर बाही काखेत गोळा होते आणि हँडल धरल्यावर खांदा ओढला जातो.
- अस्तर मलमलचे, लांबीला इंचभर कमी आणि खाली मोकळे. गळा, खांदा, मुंढा एवढ्यातच जोडलेले.

खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. ती अर्धा इंच जरी दंडावर उतरली तरी महागाचे कापड उसने आणल्यासारखे दिसते.

काजवा
कुर्त्यासाठी लिननचा विचार करा. घाम लगेच टिपते आणि वाळतेही लवकर.

धोटा
लिनन गुणी आहे, पण बसून काम करणाऱ्याला नाही. सीटवर अर्धा तास आणि खुर्चीवर दोन तास बसले की मांडीवर आणि पाठीमागे ठळक घड्या पडतात. घ्यायचेच तर सूत-लिनन मिश्र घ्या. त्यापेक्षा माहेश्वरी बरी: उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे, त्यामुळे अंगाला सुती वाटते आणि पडते छान.

सुरंगी
वरच्या सगळ्याला अनुमोदन. पण दुचाकीवरची थंडी ही वाऱ्याची थंडी, ती बिनबाह्यांच्या जॅकेटने अडणार नाही. पातळ विंडचीटर जॅकेटवर घाला आणि पोहोचल्यावर डिकीत टाका. छातीवर वारा अडला की खाली जाड काही लागत नाही. स्टोल गाडीवर मोकळा सोडू नका, टोके चाकात जातात. तो पर्समध्ये असू द्या, एसीखाली बसल्यावर घ्या.

कार्डिगन एक ठेवा, एक आवरा. होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात, तोवर एक पुरते. आवरताना धुऊनच ठेवा, कारण कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी लागते. सौम्य साबण, गार पाणी, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि आडवे पसरून वाळवायचे. दोरीवर टांगलेली ओली लोकर स्वतःच्या वजनाने लोंबते आणि खांद्याला टोके येतात. डांबरगोळ्या कपड्याला न लागता पुरचुंडीत बांधा. त्यांच्यासोबत कापूर ठेवू नका, दोन्ही एकत्र आले की पाझरतात आणि डाग पडतात.

अबोली_पुणे
खूप उपयोग झाला, धन्यवाद. इरकलबद्दल राहिले: ती अजून नेसलेली नाही, फॉलही लावायचा आहे. पदर लाल आहे, रंग जाईल का?

धोटा
आधी पदराचे टोक ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. फडक्यावर रंग आला तर पहिली दोन-तीन धुणी ड्राय क्लीनला द्या. मिठाच्या पाण्यात बुडवायला सांगतील, पण रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. घरी धुवाल तेव्हा गार पाण्यात पटकन बुचकळून काढा आणि ओली साडी घडी करून ठेवू नका. लालाचा डाग साडीच्या अंगावर उतरतो तो नेमका तेव्हाच.

फॉल सुतीच घ्या, पॉलिएस्टरचा नको. तोही रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा. मशीन नको, हाताने सैल टाके घालायला सांगा. टाके ताणले किंवा फॉल नंतर आटला, की निऱ्यांची खालची कड आत वळते आणि निऱ्या पावलावर सरळ पडत नाहीत.

खळ अगदी पातळ द्या आणि फक्त सुती अंगाला, पदराला नको. ब्लाउजला पाऊण बाही शिवा. सकाळी तेवढ्याने भागते आणि एसीत स्टोलचीही गरज पडत नाही.