आंतरविद्याशाखीय जनुकशास्त्र की वनस्पती पैदासशास्त्र?

मालदांडी: नमस्कार. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मी एम.एस्सी. केले असून माझा प्रबंध रब्बी ज्वारीच्या खडखड्या रोगावर होता. पीएच.डी.साठी अमेरिकेतील एम्स शहराच्या आयोवा स्टेट विद्यापीठात अर्ज करायचा आहे. तेथील जनुकशास्त्राचा अभ्यासक्रम अनेक विभागांचे प्राध्यापक मिळून चालवतात. वनस्पती पैदासशास्त्राची वाटही खुली आहे. शेतातले काम मला येते, पण बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. मी कोणती वाट धरावी?

कणीस: मी दुसऱ्या विद्यापीठात अशाच अभ्यासक्रमात शिकलो. प्रवेश अभ्यासक्रमाला मिळतो आणि मार्गदर्शक पहिल्या वर्षीच्या रोटेशननंतर, म्हणजे पाळीपाळीने काही प्रयोगशाळांत काम करून पाहिल्यावर, ठरतो. पहिल्या रोटेशनमध्ये मी हरितगृहात मक्याच्या तुऱ्यांवर कागदी पिशव्या बांधल्या, दुसऱ्यात यीस्टच्या वसाहती मोजल्या, आणि तिसऱ्यात पिपेटला न शिवता केवळ आर या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेत आकडेवारी चाळत बसलो. आवडली ती तिसरी, ज्याची मला स्वतःलाही कल्पना नव्हती. मात्र ज्या प्रयोगशाळेवर आधी मन बसले होते, तिथे नव्या विद्यार्थ्यापुरते अनुदान नाही हे मला शेवटच्या आठवड्यात समजले. तुम्ही हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची प्रशिक्षण अनुदाने अमेरिकी नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरतीच असतात, त्यामुळे आपल्याला तो आधार नसतो.

आकडेमोड: गणित टाळण्यासाठी पैदासशास्त्राकडे वळणार असाल, तर एम्स ही त्यासाठी सर्वांत चुकीची जागा आहे! पशुपैदासशास्त्रज्ञ जे लश यांनी 1930पासून तिथेच पशुपैदास संख्याशास्त्राच्या पायावर उभी केली आणि 1931 व 1936 साली खुद्द संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर तिथे शिकवायला आले होते. मिश्र मॉडेलची (काही घटक स्थिर व काही यादृच्छिक धरणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीची) समीकरणे ज्यांच्या नावाने ओळखली जातात ते हेन्डरसनही तिथलेच विद्यार्थी. त्यामुळे वाट कोणतीही धरा, गणित सुटत नाही. तुमच्या ज्वारीच्या चाचणीची अनोव्हा (विचरण विश्लेषण) तुम्ही केलीच असेल. तीच आकडेवारी घेऊन आरमध्ये वाण यादृच्छिक धरून मिश्र मॉडेल बसवा, आणि वाणांचा क्रम बदलतो का ते पाहा.

मालदांडी: अनोव्हा विभागातल्या सॉफ्टवेअरने करून दिली होती, आत काय झाले ते मी पाहिलेच नव्हते. प्रबंधाची फाईल शोधली आहे. एका पुनरावृत्तीतले दोन वाफे खोडमाशीने गेले होते. त्या रिकाम्या जागी शून्य लिहायचे की जागा मोकळी ठेवायची?

आकडेमोड: मोकळी ठेवा. शून्य लिहिलेत तर त्या वाफ्यात उत्पादन शून्य आले असा अर्थ होईल.