पहाटे सव्वातीनला कोणाच्या घरात पिक् पिक् चाललंय?

बी-३०४: कोणी जागं आहे का, दर मिनिटाला एकदा पिक् असा आवाज येतोय, फ्रिज बंद करून बघितला, मुलाचं खेळणं बेडखाली सापडलं त्याचे पण सेल काढले तरी चालूच

बी-४०२: आम्हाला पण येतोय. मला वाटलं पाचव्या मजल्यावरून

बी-३०४: मला वाटत होतं तुमच्याकडून. मान वळवली की आवाज दुसरीकडूनच यायला लागतो, वेड लागायची पाळी आलीये

बी-२०१: ताई, पॅसेजमध्ये छताकडे बघा. स्मोक अलार्म असेल. धूर असता तर कर्कश आणि सतत वाजला असता, मधेच एकदा पिक् म्हणजे बॅटरी संपत आली. आवाज एवढुसा आणि उंच पट्टीतला असतो, कुठून येतोय ते कानाला लागत नाही पटकन

बी-३०४: अय्या हो, तोच! लाल लाइट पण लुकलुकतोय. पण काका रात्रीच का, दिवसभर तर गप्प होता

बी-२०१: पहाटे घर गार पडतं ना. गारठ्यात बॅटरीचा जोर कमी होतो, आधीच कशीबशी तग धरून असलेली बॅटरी तेवढ्यात कमी पडते. सकाळी ऊब आली की परत गप्प. मग माणसाला वाटतं बरा झाला आणि रात्री परत सुरू

बी-४०२: मी मागच्या वर्षी सरळ बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकली, तेव्हापासून शांतता

बी-२०१: तुमच्याशी सकाळी बोलतो

बी-५०१: आम्ही झोपलो होतो

बी-३०४: गुड मॉर्निंग. झोप काही झाली नाही. काका हा काढायचा कसा, ओढून बघितला, हलत नाही

बी-२०१: ओढू नका, झाकणासारखा फिरवायचा, घड्याळाच्या उलट दिशेने. पण आधी बघा वर वायर गेलीये का. लाइटवर चालणारा असला तर त्याचा एमसीबी (लाइटच्या बोर्डातला सेफ्टी स्विच) खाली करून मगच हात लावा, त्यातली बॅटरी फक्त लाइट गेल्यावरसाठी असते, आणि ती संपली तरी तो पिक् करतोच. बॅटरी कुठली लागते ते मागच्या स्टिकरवर असतं, बहुतेक ती चौकोनी ९ व्होल्टवाली, काहींना पेन्सिल सेल. काहींची बॅटरी आतच सील केलेली असते, १० वर्षांची, ती बदलताच येत नाही, अख्खा अलार्म नवा घ्यायचा

बी-३०४: वायर नाहीये, चौकोनीच आहे. काढली!! पण काका बॅटरी हातात आहे आणि हा तरी वाजला आत्ता, भूत आहे का यात

बी-२०१: आत थोडा चार्ज उरतो. बॅटरी नसताना टेस्टचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, उतरेल. तोवर जाळीवरची धूळ व्हॅक्यूमच्या ब्रशने हलकेच काढा, पाणी फवारू नका. धूळ किंवा बारकं कोळी-किडं आत गेलं की विनाकारण बोंबलतो

बी-४०२: रिमोट-घड्याळातून काढलेले सेल चालतील का पेन्सिलवाल्याला

बी-२०१: नाही हो! नवेच घाला, आणि स्टिकरवर लिहिलेत त्याच प्रकारचे. रिचार्जेबल पण स्टिकरवर लिहिलं असेल तरच. ताई, तुम्ही जुनी बॅटरी किल्ल्यांच्या वाटीत टाकू नका, तिची दोन्ही टोकं शेजारी शेजारी असतात, किल्ली आडवी लागली की शॉर्ट होऊन तापते. टोकांवर चिकटपट्टी लावून ठेवा

बी-३०४: बसवली. झाकण आधी लागतच नव्हतं, बॅटरी उलटी होती, माझाच वेंधळेपणा. टेस्ट दाबलं तर शेजारचं बाळ रडायला लागलं, सॉरी सॉरी

बी-३०३: ऐकू आलं 😄

बी-२०१: तारीख बघितलीत का मागची? १० वर्षं झाली की आतला सेन्सर भरवशाचा राहत नाही, टेस्टला वाजला तरी. त्या बटणाने बॅटरी आणि भोंगा कळतो, धूर पकडेल की नाही ते कळेलच असं नाही

बी-३०४: २०१५ लिहिलंय

बी-२०१: मग ही बॅटरी तात्पुरती समजा, नवा मागवून टाका

बी-१०३: तुमचं सगळं वाचतोय. मला तर रात्री काही ऐकू आलं नाही बुवा. आमच्याकडेही तसलाच पांढरा डबा आहे, सगळ्यांकडे एकाच दिवशी बसवले होते

बी-२०१: आजोबा, वय झालं की उंच पट्टीचे आवाजच आधी जातात, माझेही जायला लागलेत. कोणीतरी खाली जाऊन पाच मिनिटं थांबा बरं

बी-३०४: मुलाला पाठवलंय

बी-३०४: आजोबांचा पण वाजतोय! त्यांच्या मोलकरीणबाई म्हणाल्या आठ दिवस झाले, त्यांना वाटलं घड्याळ बिघडलंय

बी-१०३: म्हणजे आठ दिवस मी त्याच्याच खाली बसून पेपर वाचतोय

बी-२०१: शिडी घेऊन येतो. आजोबा तुम्ही चढू नका

बी-४०२: काका, ड्रॉवरमधली बॅटरी जिभेला लावून बघितली, काहीच चुणचुणलं नाही. आजोबांचं झालं की शिडी वर पाठवाल का