हिशेबपट्टी आणि व्हॉट्सॲपचे मराठी निरोप: संक्षेपावरून पूर्ण मजकूर उमटवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून काम पाहतो. हंगामात हळदीचे सौदे आटोपले, की शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाचे कागद) तयार करणे, त्या छापणे आणि जे शेतकरी गावी परतले आहेत त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवणे ही तिन्ही कामे एकदमच अंगावर येतात. पट्टीतले आकडे भरायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो तीच ती मराठी वाक्ये पुन्हा पुन्हा टंकण्यात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

नेहमीचे शॉर्टकट मी वापरतो, त्यामुळे त्यांची यादी कृपया देऊ नये. एक्सेलमध्ये आजची तारीख कंट्रोल आणि अर्धविरामाने येते, वरच्या घरातला मजकूर कंट्रोल-डीने खाली उतरतो आणि खाते क्रमांक टाकला, की व्हीलुकअप या सूत्रामुळे शेतकऱ्याचे नाव व गाव आपोआप भरले जाते. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये एखाद्याचे खाते उघडलेले नसेल, तर व्हाउचर (व्यवहाराची नोंद) न सोडता ऑल्ट-सी दाबून ते तिथेच उघडतो. या सर्वांत मला विंडोज-व्ही सर्वाधिक उपयोगी वाटते. 2018 पासून विंडोज 10 मध्ये आलेल्या या सोयीत कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी राहतात आणि त्यांतल्या पिन केलेल्या गोष्टी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी जात नाहीत. मात्र पिन केलेले निरोप वाढले, की त्या छोट्या चौकटीत हवा तो शोधण्यापेक्षा सरळ टंकलेले बरे असे होते.

एक्सेलच्या ऑटोकरेक्टमध्ये मी ‘हळळ’ असा संक्षेप भरून ठेवला आहे. तो लिहून स्पेस दिली, की ‘आपल्या हळदीचा सौदा झाला असून हमाली व तोलाई वजा जाता होणाऱ्या रकमेची पट्टी सोबत पाठवत आहे’ हे वाक्य पूर्ण उमटते. (एरवीच्या मजकुरात कधीही येणार नाही असाच संक्षेप निवडावा लागतो, म्हणून तो जादाचा ‘ळ’.) हीच यादी वर्डमध्येही चालते, पण निरोप पाठवायचा असतो व्हॉट्सॲप वेबवर, आणि ब्राउझरमध्ये ऑफिसच्या ऑटोकरेक्टचा काही उपयोग नाही. फोनवर जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात तोच संक्षेप भरला आहे. तिथे मजकूर आपोआप उमटत नाही, कळफलकाच्या वरच्या पट्टीत सुचवला जातो आणि त्यावर बोट ठेवावे लागते. तेवढे चालण्यासारखे आहे.

माझा मुख्य प्रश्न संगणकाचा आहे. ब्राउझरसह सर्वत्र संक्षेपाचा विस्तार करण्यासाठी ऑटोहॉटकी हा विनामूल्य, मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे आणि त्याची फाइल यूटीएफ-8 या सर्व लिपी सामावणाऱ्या स्वरूपात जतन केल्यास देवनागरी मजकूर नीट उमटतो, इथपर्यंत माझे वाचन झाले आहे. परंतु मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असताना देवनागरीतच लिहिलेला संक्षेप तो ओळखतो का, की प्रत्येक वेळी विंडोज-स्पेस दाबून इंग्रजीवर जावे लागते? तसे करावे लागत असेल, तर वाचलेला वेळ भाषा बदलण्यातच जाईल. जे स्वतः मराठीत टंकन करताना तो वापरतात, त्यांच्या अनुभवाला मी अधिक महत्त्व देईन.

दुसरा प्रश्न व्हॉट्सॲप बिझनेसचा. त्यात तिरकी रेघ देऊन तयार निरोप बोलावता येतात आणि असे 50 निरोप साठवता येतात, ही सोय आमच्या कामाला चपखल आहे. दुकानाचा क्रमांक सध्या साध्या व्हॉट्सॲपवर असून त्यात शेतकऱ्यांशी झालेले जुने व्यवहाराचे बोलणे आणि पट्ट्यांची छायाचित्रे आहेत. ज्यांनी चालू क्रमांक बिझनेसवर नेला आहे, त्यांनी आधी बॅकअप कसा घेतला आणि छायाचित्रांसह सर्व काही जसेच्या तसे आले का, हे कृपया कळवावे. मालकांची संमती त्यावरच अवलंबून आहे.

संगणकावर विंडोज 10 आणि ऑफिस 2016 आहे, फोन अँड्रॉइडचा आहे. त्याच संगणकावरून दुकानाचे बँकेचे व्यवहार होत असल्यामुळे, टंकलेले सर्व काही स्वतःच्या सर्व्हरवर पाठवणारे कळफलक किंवा अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागणारे प्रोग्रॅम कृपया सुचवू नयेत.